जुनेराचं पुस्तक: बायकांच्या जगण्यावरची कापडी पुस्तकं कशी करावीत

परभणी जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: त्यांच्या गावच्या बचत गटातल्या बायकांना स्वतःच्या आयुष्यावर कापडाची, हातभरतकामाची पुस्तकं करायची आहेत. शिवण सगळ्यांना येते, काहींना लिहिता येत नाही. कापड कोणतं घ्यावं, अक्षरं कशी भरावीत, पानं कशी बांधावीत, आणि घरातल्या दुःखाच्या गोष्टी किती उघड कराव्यात?

ताई, सगळ्यात आधी एक सांगते. पहिल्या बैठकीत बायकांना "तुमची गोष्ट सांगा" असं म्हणू नका. "घरातलं एक कापड घेऊन या" असं म्हणा. गोष्ट मागितली की बाई सांगायची म्हणून ठरलेली गोष्ट सांगते: गरिबी होती, लवकर लग्न झालं, कष्ट केले, लेकरं शिकली. त्यात खोटं काही नसतं, पण ती गोष्ट आधीच घासून गुळगुळीत झालेली असते. तीच बाई मांडीवर जुनं लुगडं घेऊन बसली की हे कुठल्या बाजारातून आणलं, कोणी दिलं, कुठे फाटलं, कशासाठी फाडलं हे सांगायला लागते, आणि पुस्तक त्यात असतं. मी अशा पुस्तकांवर बायकांबरोबर बरीच वर्षं काम करते आहे. कापड आधी आणि गोष्ट नंतर, या एका क्रमावर माझा ठाम विश्वास आहे. पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

दंडाचंच उदाहरण घ्या. नेसून नेसून लुगडं मधोमध विरतं, काठ आणि पदर मात्र शाबूत राहतात. मग विरलेला भाग कापून टाकायचा आणि चांगले दोन तुकडे जोडून पुन्हा नेसायचं, याला आपल्याकडे दंड घालणं म्हणतात. ज्या बायकांनी बहात्तरचा दुष्काळ पाहिला, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली, त्यांच्या बोचक्यात असं दंडाचं जुनेर, म्हणजे नेसून जुनं झालेलं लुगडं, अजून सापडतं. त्या शिवणीवर तुम्ही फूल भरलंत तर ते पान गेलं. ती शिवण पानाच्या मधोमध येऊ द्या, आजूबाजूला कापड रिकामं ठेवा, खाली एक ओळ पुरे. विरलेल्या जागेतून मागचं अस्तर दिसत असेल तर दिसू द्या. नव्याने शिकणाऱ्यांना वाटतं की भरतकाम म्हणजे रिकामी जागा भरून काढणं. पुस्तकात मात्र कापडावर आधीच जे घडलेलं आहे ते वाचता येईल एवढंच भरायचं.

कापडावर लिहिणं आपल्या मातीला नवीन नाही. अंबाजोगाईला संतकवी दासोपंतांची पासोडी आजही जपून ठेवलेली आहे. दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५. खादीच्या सुमारे ४० फूट लांब पट्ट्यावर त्यांनी पंचीकरण हा तत्त्वज्ञानाचा विषय लिहून काढला. बायकांना घेऊन एकदा तिथे जाऊन या. एवढं मोठं लिखाण कापडावर मावतं आणि चारशे वर्षं टिकतं, हे डोळ्यांनी पाहिलं की "चिंध्यांचं कसलं पुस्तक" हा सासरच्या माणसांचा प्रश्न निम्मा मिटतो. सूत कातणाऱ्या हातांची नावं अशा ठिकाणी लिहिली जात नाहीत. तुमच्या पुस्तकांत ती लिहा. पहिल्या पानावर कापड कोणाचं, शिवण कोणाची, अक्षर कोणाचं, हे तिघींच्या नावाने भरा. नाव द्यायला धोका असेल तिथलं पुढे सांगते.

आता कापड. जुनं सुती लुगडं किंवा धोतर सर्वात चांगलं, कारण ते धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं, सुई सहज जाते आणि आकसायचं तेवढं आधीच आकसलेलं असतं. मधल्या थराला आणि अस्तराला मांजरपाट किंवा खादी घ्या. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीची खादी मला आवडते. ही संस्था राष्ट्रध्वजाचं कापडही करते, विणीचा भरवसा वाटतो. नवं कापड मात्र रात्रभर पाण्यात ठेवून खळ काढून, वाळवून, इस्त्री करूनच कापा. नाहीतर पुस्तक झाल्यावर पान चुरगळतं आणि त्यावरची अक्षरं वाकडी होतात. लाल, काळ्या आणि गडद निळ्या कापडाचा रंग जातो का हे आधी तपासा. ओल्या पांढऱ्या फडक्याने जोरात घासा. फडक्यावर रंग आला तर ते कापड पांढऱ्या पानाला चिकटून बसेल असं लावू नका.

तरुण बायका सुती काही आणणारच नाहीत, त्यांच्या घरात ते नाहीच. त्या सिंथेटिक साडी आणतील, पोराचा शाळेचा शर्ट आणतील, एखादी अंगणवाडी सेविका गणवेशाची साडी आणेल. ते घ्याच. गेल्या तीस-चाळीस वर्षांत बाई काय नेसली हेही या पुस्तकात यायला हवं. फक्त ते कापड सुईखाली निसटतं. म्हणून आधी मांजरपाटावर पसरून सगळीकडून कच्ची टीप घाला आणि मग भरा. इस्त्री अगदी मंद ठेवा आणि वर सुती फडकं टाका. कडेचे धागे सुटत असतील तर पेटत्या उदबत्तीने कड हलकेच वितळवून घ्या. हे सुती कापडाला करायचं नाही, ते जळतं.

एक सक्त सूचना. कुणी जुनी, घरात पिढ्यानपिढ्या चालत आलेली वस्तू आणली तर तिला कात्री लावू नका. नांदेड-हिंगोलीकडच्या तांड्यांवरच्या बंजारा बायका आजीचा फेटिया (घागरा) किंवा काचळी (चोळी) घेऊन येतात. आरसे, कवड्या आणि भौमितिक टाक्यांनी भरलेलं ते काम पुन्हा होणं अवघड आहे. अशी वस्तू तशीच जपायची, आणि त्यातला एक टाका आजीकडून किंवा मावशीकडून शिकून तो नव्या कापडावर भरून पान करायचं. तो शिकताना घरात जे बोलणं होतं तेही पानात येतं. पैठणीच्या आणि हिमरूच्या जुन्या तुकड्यांनाही हाच नियम.

त्या दोन कापडांवरून मागच्या बाजूचं बोलायला हवं, कारण कापडी पुस्तकाचा खरा प्रश्न तिथे आहे. पैठणीची वीण अशी असते की नक्षी दोन्हीकडून जवळजवळ सारखीच दिसते. संभाजीनगरच्या हिमरूत सुती ताणा आणि रेशमी बाणा असतो, आणि नक्षीचे सुटे धागे मागे मोकळे लोंबतात. भिंतीवर लावायचं भरतकाम असेल तर मागचं कुणी पाहत नाही. पुस्तकाचं पान उलटलं की मागचं समोर येतं. तेव्हा आधीच ठरवा. मागे दुसरं कापड लावून झाकायचं, दोन्हीकडून सारखा दिसेल असा टाका वापरायचा, की मागच्या गाठी आणि ओढलेले धागे दिसू द्यायचे. तिन्ही वाटा बरोबर आहेत, पण पानागणिक विचार करून निवडायच्या. एका बाईने पानाच्या पुढच्या बाजूला सासरच्या घराचं चित्र भरलं होतं, अंगण, तुळस, गोठा, सगळं नीट. मागच्या गाठी ती कापायला निघाली होती. तिच्या जावेने थांबवलं, म्हणाली, माझं त्या घरातलं जगणं असंच दिसतं. पान तसंच ठेवलं, आणि मागच्या बाजूला जावेचं नाव भरलं. एका घरातल्या दोन बायका एकाच पानाच्या दोन बाजूंना आल्या. हे मी सांगून झालं नसतं.

अक्षरांचं. आपली लिपी भरायला सोपी आहे, फक्त क्रम लक्षात ठेवायचा. आधी पूर्ण शब्दाची शिरोरेषा उलट टिपेने ओढून घ्या. मग एकेक अक्षर तिच्यापासून खाली भरत जा. एका अक्षरावरून दुसऱ्याकडे जाताना दोरा मागून शिरोरेषेच्या आडून न्या, म्हणजे पातळ कापडातून तो दिसत नाही. सहा पदरी लडीतले दोनच पदर सुईत ओवा. अक्षराची उंची अर्ध्या इंचापेक्षा कमी नको. त्याहून लहान केलं की क्ष, ज्ञ, ळ यांची पोकळी बुजते. वेलांटी आणि उकाराच्या वळणावर टाके बारीक घ्या. सरळ दांड्यावर लांब टाका चालतो. कापडावर बॉलपेनने कधीही लिहू नका, शाई पसरते. पेन्सिलीने फिकट लिहा किंवा शिंप्याचा खडू वापरा.

बाई लिहू शकत असेल तर तिचंच अक्षर राहू द्या, शुद्धलेखनासकट. तुम्ही शिक्षिका आहात, म्हणून हे मुद्दाम सांगते. तिने 'दवाखाना' ऐवजी जे लिहिलं असेल ते तसंच भरलं जाऊ दे. फळ्यावर चूक सुधारायची असते, तिच्या पुस्तकात तिची लिहायची पद्धत तिच्या हातासारखीच तिची आहे. जी लिहू शकत नाही तिने सांगावं आणि दुसरीने पेन्सिलीने लिहावं, पण भरायचं तिनेच. अक्षर ओळखीचं नसलं तरी सुई त्या रेषेवरून जाते. अनेकींनी अशा पुस्तकात आपलं नाव पहिल्यांदा स्वतःच्या हाताने लिहिलं आहे. ज्यांना अक्षरं नकोच असतात त्यांच्या हातावरचं गोंदण पाहा. ते तसंच्या तसं पानावर उतरवता येतं, गोंदणाच्या हिरव्या-निळ्या दोऱ्यात.

मजकूर किती? ओवीएवढा. परिच्छेद भरायला बसलात तर महिना जातो आणि वाचणारा दुसऱ्या ओळीत थकतो. गंगाखेडच्या जनाबाई तुमच्याच जिल्ह्यातल्या, तेव्हा ओवी-अभंगाचं मी तुम्हाला वेगळं काय सांगणार. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या बायकांकडून लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांत बीडच्या माजलगाव भागातल्या बायकांच्याही आहेत. तुमच्या गावातल्या साठीपुढच्या बायकांना अजून ओव्या येत असतील. त्यांना गायला सांगा, तरुण मुलींनी लिहून घ्यावं. मग आपल्या कापडाबद्दल त्याच चालीत नवी ओवी जुळवायला सांगा. जुळतेच. आणि ती पानावर अगदी नेमकी बसते.

बांधणीत मात्र लोकांचं गणित चुकतं. कापडाचं एक पान म्हणजे पुढचं कापड, मागचं कापड आणि मधला थर. भरतकामाने ते आणखी फुगतं. अशी आठ-दहा पानं कागदी वहीसारखी मधोमध शिवली की पुस्तक तोंड उघडं टाकून बसतं, मिटतच नाही. म्हणून पहिलं पुस्तक घडीचं करा. मांजरपाटाची १० इंच उंच आणि ८० इंच लांब पट्टी घ्या, ८ इंचांवर घड्या पाडा, दहा पानं मिळतात. प्रत्येक घडीवर धावदोऱ्याची एकच ओळ घाला, मग घडी जागची हलत नाही. कापडाचे तुकडे आणि भरतकाम सगळं पट्टी सपाट असतानाच करायचं. घडीच्या दोन्ही बाजूंना अर्धा इंच जागा मोकळी सोडायची, तिथे आरसा, मणी, गाठी टाके काही नको. असं पुस्तक टेबलावर उभं राहतं, किंवा सतरंजीवर लांब पसरून सगळ्याजणी एकदम पाहू शकतात. गटासाठी ते बरं पडतं.

दुसऱ्या पुस्तकाला सुटी पानं करून काज आणि नाडीने बांधा. शिवणीच्या कडेला दोन इंच जागा सोडा. दोन पानांच्या मध्ये, फक्त त्या कडेपुरती, जुन्या कापडाची दुहेरी पट्टी घाला. भरतकामाने पान जेवढं फुगतं तेवढीच ही कड जाड झाली की पुस्तक सरळ मिटतं. पाठीला साडीचा काठ लावा. काठ सर्वात शेवटी फाटतो हे तुमच्या बायकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. नाडीच्या बांधणीचा आणखी एक फायदा असा की पान काढता येतं, क्रम बदलता येतो, नवं घालता येतं. लुईझ बूर्ज्वा या शिल्पकर्तीने नव्वदी ओलांडल्यावर, २००२ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये स्वतःच्या जुन्या कपड्यांचं आणि लग्नातल्या लिननच्या रुमालांचं पुस्तक केलं, तेही काजं करून बंदांनीच बांधलेलं आहे. रुखवतातलं कापड तिलाही फेकवलं नव्हतं. डिंक आणि फेविकॉल मात्र बांधणीत कुठेही वापरू नका. कापड कडक होतं, पिवळं पडतं आणि कसर लागते.

आता तुमचा शेवटचा आणि अवघड प्रश्न.

दुःख सुईने सांगायची रीत जुनी आहे. इंग्लंडमध्ये सुमारे १८३० साली एलिझाबेथ पार्कर नावाच्या मोलकरणीने लिननच्या कापडावर लाल रेशमाने, नुसत्या फुलीच्या टाक्यात, मालकाने केलेली क्रूरता आणि जीव द्यावासा वाटला ते सगळं भरून ठेवलं. एकही चित्र नाही, नुसता मजकूर, आणि तो वाक्याच्या मध्येच थांबतो. ते कापड आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. आपल्या देशात बिहारमधल्या मुजफ्फरपूरजवळच्या भुसुरा गावच्या बायका १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून सुजनीवर, म्हणजे तिकडच्या गोधडीवर, हुंडा, दारुडा नवरा, मुलीचा गर्भ हे विषय भरत आल्या आहेत. तेव्हा तुमच्या गटात असं काही बाहेर आलं तर ते पुस्तकात कसं बसेल याची चिंता करू नका, बसतं. काळजी करायची ती बाईची.

बीडच्या डोंगरपट्ट्यातल्या ऊसतोड बायकांबरोबर काम करताना ज्या गोष्टी पाळल्या त्या सांगते. तिथे नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या कोयत्यावर मिळते, बाईचं काम वेगळं मोजलं जात नाही. एका बाईने आपल्या पानांवर हंगामाच्या प्रत्येक दिवसाची एक उभी काळी रेघ भरली. खाडा झाला तिथे जागा सोडली. पाळीच्या दिवसांत तोडलेल्या ऊसाची रेघ लाल केली. खाली एकही शब्द नव्हता, आणि तिला नकोच होता. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी २०१९ मध्ये सरकारी समितीने केली, तेव्हा १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. हा आकडा पेपरात येऊन गेला आणि लोक विसरले. त्या बाईच्या शेवटच्या काही पानांवर रेघा पुन्हा सगळ्या काळ्या होतात. आमच्या गटातल्या बायका त्या पानाशी आल्या की त्यांना विचारावं लागत नाही.

यात नियम एवढेच. काय उघडं ठेवायचं हे ती बाई ठरवते, तुम्ही नाही, मीही नाही. तिला सांगायचं आहे पण दाखवायचं नाही असं असेल तर पानाला खिसा शिवा, लिहिलेलं आत ठेवा आणि खिशाचं तोंड टाके घालून बंद करा. नवऱ्याने आत्महत्या केलेल्या एका बाईने त्याच्या शर्टाचा खिसा असाच बंद करून लावला आहे, आत काय आहे हे गटात कुणी विचारलेलं नाही. जी बाई अजून त्याच घरात मार खात राहते आहे, तिचं पुस्तक घरी जाऊ देऊ नका. ते गटाच्या कपाटात ठेवा, त्यावर नाव नको, गावात ओळखू येईल असं साडीचं कापड किंवा घराचं चित्रही नको. पुस्तकाआधी तिला मदत कुठे मिळेल ते बघा. पोलिसांचा किंवा वकिलाचा मार्ग हवा असेल तर तिच्याबरोबर जायला कुणीतरी असू द्या. आणि होकार एकदाच घेऊन चालत नाही. पान भरताना घ्या, पुस्तक बांधताना घ्या, प्रदर्शनाला नेण्याआधी पुन्हा घ्या. मधल्या काळात लेकीचं लग्न ठरतं आणि बाईचं मन बदलतं. नाडीची बांधणी मी आग्रहाने सांगते ती यासाठीही. पान काढून घेता आलं पाहिजे.

विकण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. स्वतःच्या जुनेराचं पुस्तक विकू नये. ते लेकीसुनांकडे जावं. शहरातली संस्था किंवा संग्राहक मागायला आले तर त्याच विषयावर नव्या कापडावर दुसरं पुस्तक करून द्या, आणि किंमत ठरवताना शेतमजुरीचा रोज धरू नका, कुशल कारागिराचा धरा. भरायला लागलेले तास वहीत लिहून ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, म्हणजे भाव करताना बोलता येतं. फोटो कोण काढणार, कुठे छापणार, हेही मराठीत लिहून, सगळ्यांना वाचून दाखवून मगच सही किंवा अंगठा.

जपणुकीचं थोडक्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, पावसाळ्यात आत दमट होऊन बुरशी येते. धुतलेल्या पांढऱ्या मलमलीत गुंडाळा. कडुनिंबाची वाळलेली पानं पुरचुंडीत बांधून शेजारी ठेवा, थेट कापडाला लागू देऊ नका. डांबरगोळीचंही तसंच. टाचण्या, सेफ्टी पिना सगळ्या काढून टाका, गंजाचा डाग जात नाही. घडीचं पुस्तक वर्षातून एकदा, दसऱ्याच्या सुमारास, हवा कोरडी असते तेव्हा पूर्ण उघडून सावलीत ठेवा. पूर्ण झालेलं पुस्तक धुवायचं नाही. धूळ मऊ ब्रशने झटका.

प्रदर्शनात पुस्तक काचेखाली बंद करू नका. ज्या बाईचं आहे ती शेजारी बसलेली असावी आणि पानं तिने उलटावीत. हात लावू द्यायची इच्छा असेल तर त्याच कापडाचं, त्याच टाक्याचं एक वेगळं पान करून टेबलावर ठेवा, लोकांनी ते चाचपावं. सुरुवात तुमच्या गावच्या शाळेतूनच करा, मुंबई-पुण्याचं नंतर बघता येईल. आधी त्यांच्या लेकींनी ही पुस्तकं पाहायला हवीत. एखादीला पानात भर घालावीशी वाटली तर नाडी सोडून एक कोरं पान आत घालून द्या.